पहिल्या नावाचा खुलासा

लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी मी एका फार्मसी महाविद्यालयात प्रसिद्धी अधिकारी होते. त्याआधी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होते. दैनिकाने आवृत्ती गुंडाळली, आणि दुसऱ्यांची वाक्ये कापण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाला जे काम मिळू शकते ते मला मिळाले. संस्थेत होणाऱ्या सत्कारांच्या बातम्या लिहायच्या आणि शिक्षकांचे इंग्रजी दुरुस्त करायचे.

महाविद्यालय लातूर आणि नांदेडच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी होते. गावाला जिल्हा व्हायचे होते. नव्या जिल्ह्याची चर्चा तिथे दर उन्हाळ्यात निघे, त्या वर्षी तिला ऊत आला होता. संस्थेचे अध्यक्ष बाजार समितीचे माजी सभापती होते. अभियांत्रिकीची परवानगी मिळाली नाही म्हणून त्यांनी फार्मसी काढले होते. गोळी आणि कॅप्सूल यांत फरक असतो एवढे त्यांना माहीत होते, आणि संस्था चालवायला तेवढे पुरते असे त्यांचे मत होते. जिल्हा जाहीर होण्याची वाट न पाहता त्यांनी महाविद्यालयाच्या फलकावर, पत्रांवर आणि विद्यार्थ्यांच्या ओळखपत्रांवर गावाच्या नावापुढे 'नियोजित जिल्हा' असे छापून घेतले होते. पोस्टमन ते वाचत नसे. टपाल लातूरमार्गेच येई.

जिल्ह्यासाठी आणखी दोन गावे रांगेत होती. त्यांच्यापुढे अध्यक्षांचा मुद्दा एकच होता: आमच्या गावाला पाणी आहे. हे ते टँकरच्या आवाजावर आवाज चढवून सांगत.

महाविद्यालयाला टँकर एक दिवसाआड येई. त्यातले पाणी आधी दर्शनी बाजूच्या हिरवळीला जाई, कारण पाहुण्यांचे फोटो तिथे निघत. उरलेले शौचालयांना. प्रयोगशाळेच्या नळांना संक्रांतीनंतर पाणी नव्हते. म्हणून प्रात्यक्षिके बंद होती असे मात्र नाही. शिक्षक फळ्यावर आकडे लिहीत, विद्यार्थी ते वहीत उतरवत, शिक्षक सही करत. प्रत्येकाला थोडा वेगळा आकडा द्यावा, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाला संशय येत नाही, अशी तोंडी सूचना होती. एका विद्यार्थिनीने शेजारणीचाच आकडा लिहिला तेव्हा नक्कल केली म्हणून तिला सगळ्या वर्गासमोर बोलणी बसली.

याला एक अपवाद होता. औषधी वनस्पती शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. लोहा तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या. वडील एसटीत मेकॅनिक होते, हदगावच्या बाजूला बरीच वर्षे होते, त्यामुळे घरात पाने आणि हातोडे खेळण्यासारखे पडलेले असत असे त्या सांगत. सहा वर्षे त्या दरसाल नव्या तात्पुरत्या ऑर्डरवर काम करत होत्या. त्यांच्या विषयात ओव्याचे तेल काढण्याचे प्रात्यक्षिक असते. ओवा पाण्यात उकळायचा, वाफ काचेच्या नळीतून न्यायची, नळीभोवती सतत थंड पाणी खेळवायचे, म्हणजे वाफ निवते आणि तेल हाती येते. हे नळीभोवतीचे पाणी एरवी थेट मोरीत जाते. वाटीभर ओव्यासाठी बादल्याच्या बादल्या.

मॅडमनी घरच्या कूलरमधला पंप काढून आणला. पाण्याअभावी कूलर बंदच होता. दोन रांजण आणले, त्यांना ओले गोणपाट गुंडाळले. पंप एका रांजणातले पाणी नळीभोवती चढवी आणि तापलेले पाणी दुसऱ्या रांजणात पडे. ते निवले की रांजणांची अदलाबदल. आठवडाभर तेच पाणी फिरत राही. त्यांच्या वर्गाने ओव्याचे तेल खरोखर काढले. पहिल्या दिवशी वास व्हरांड्यात आला तेव्हा प्राचार्यांनी शिपायाला विचारले, "कॅन्टीनला भजी चालू झाली का रे?"

उन्हाळा तोंडावर असताना नांदेडहून परिपत्रक आले. तिथे फार्मसी शिक्षकांची परिषद भरणार होती आणि तिच्यासाठी पाच मिनिटांच्या सादरीकरणांचे प्रस्ताव मागवले होते. तुम्ही कसे शिकवता, त्यातली एखादी गोष्ट दाखवा, एवढीच अपेक्षा होती. अटीही साध्या होत्या. प्रस्ताव एका पानात मावावा. पहिले नाव ज्याचे त्यानेच सादर करावे. एका व्यक्तीचे पहिले नाव एकाच सादरीकरणावर राहील. पाठवल्यानंतर नावांचा क्रम बदलणार नाही. प्रस्तावाला प्राचार्यांची शिफारस हवी.

प्राचार्यांनी लगेच बैठक बोलावली. महाविद्यालयातून किमान सात प्रस्ताव गेले पाहिजेत, असे त्यांनी जाहीर केले. सातच का, हे कोणी विचारले नाही. मग विषय सुचवणे सुरू झाले. प्राचार्यांचा विषय होता 'जागतिकीकरण आणि औषधनिर्माण शिक्षण: दशा आणि दिशा'. पाच मिनिटांत. औषध विश्लेषण शिकवणाऱ्या सरांनी 'आनंददायी प्रात्यक्षिके' हा विषय घेतला. फळ्यावर सगळ्यात सुवाच्य आकडे लिहिणारे ते हेच. एकाने 'नियोजित जिल्ह्याच्या विकासात औषधनिर्माणशास्त्राचे योगदान' सुचवले, त्यावर बाके वाजली.

मॅडम म्हणाल्या, "मी ओव्याच्या प्रात्यक्षिकावर देते. रांजणाचं."

"रांजणाचं?" विश्लेषणाचे सर हसले. "परिषद हाय मॅडम, कुंभारवाडा न्हाई."

"म्हणूनच पाच मिनिटं पुरतील सर. तुमच्या आनंदाला जास्त लागतील."

सरांना ते लागले. शेजारच्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "यांना काय कमी हाय. यांच्या जागा राखीवच असतेत."

"हाव ना सर," मॅडम म्हणाल्या. "संस्थेनं सहा वर्षं राखूनच ठेवली हाय. अजून भरली न्हाई."

प्राचार्यांनी चहा मागवला. अवघड क्षणी ते नेहमी चहा मागवत.

पुढच्या आठवड्यात सातही प्रस्ताव दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आले. सहांची सुरुवात 'आजच्या स्पर्धेच्या युगात' या शब्दांनी झाली होती. डेस्कवर अशी बातमी आली की आम्ही पहिला परिच्छेद काढून दुसऱ्यापासून वाचत असू. इथे दुसऱ्या परिच्छेदात पहिलाच पुन्हा लिहिलेला होता. 'आनंददायी प्रात्यक्षिके' या प्रस्तावात प्रात्यक्षिक कोणते, ते कुठे सापडले नाही. सातवा प्रस्ताव मॅडमचा. काय अडले, काय केले, किती पाणी वाचले, कुठे फसले, हे सगळे त्यात होते. कापण्यासारखे काही नव्हते. मी दोन स्वल्पविराम घातले.

सातही प्रस्तावांवर पहिले नाव प्राचार्यांचे होते.

ही तिथली रीत होती. महाविद्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लेखावर, टिपणावर, भित्तिपत्रकावर पहिले नाव प्राचार्यांचे. ज्याने काम केले त्याचे दुसरे. तिसऱ्या ठिकाणी विभागप्रमुख, ते रजेवर असले तरी. तळाशी 'प्रेरणा' म्हणून अध्यक्ष. प्राचार्य स्वतः टंकलेखकाकडे जाऊन नावांचा क्रम तपासत. मजकूर तपासत नसत.

मी परिपत्रकातल्या अटीवर खूण करून ते त्यांच्यापुढे ठेवले. "सर, एका माणसाचं पहिलं नाव एकाच सादरीकरणावर चालेल. इथं सातही ठिकाणी तुमचं आहे."

त्यांनी अट वाचली नाही, खूण पाहिली. "मॅडम, तुम्ही पेपरवाल्या. तुम्हाला नियम दिसतात, संबंध दिसत नाहीत. आयोजक आपलेच आहेत. मागच्या वर्षी आपण त्यांना शाल घातली आहे."

मॅडमची गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी मला त्याच दुपारी सांगितली. नांदेडच्या एका जुन्या महाविद्यालयात कायम जागा निघाली होती. मुलाखत परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी होती. उमेदवाराच्या गुणांत परिषदेतल्या सादरीकरणाला वजन होते, पण ते पहिल्या नावालाच. दुसऱ्या नावाला सहभागाचे प्रमाणपत्र मिळे, त्याला गुण नव्हते.

"ताई, वय निघून चाललं. पुढच्या वर्षी अर्जच करता येणार न्हाई," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत चार पेपर लिहिले. सगळ्यावर मी दुसरी. ही एक जागा गेली की इथंच आकडे लिहीत बसायचं."

त्या प्राचार्यांकडे गेल्या. टंकलेखक रजेवर असल्याने मी बाहेरच्या खोलीत त्याच्या यंत्रावर बसले होते. दार उघडे होते.

"नाव कुठं जातंय मॅडम?" प्राचार्य समजावणीच्या सुरात म्हणाले. "दुसरं आहे ना. आता असं बघा, लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव वर असतं. म्हणून लग्न आजोबांचं होतं का?"

"न्हाई सर. पण मुंडावळ्या तरी आजोबाला बांधत न्हाईत."

आत चहासाठी घंटी वाजली. मग प्राचार्य म्हणाले, "शिफारस माझी लागते, हे तुमच्या लक्षात आहे ना?" मॅडम बाहेर आल्या. प्रस्ताव त्याच क्रमाने जाणार हे ठरले होते.

पण जाण्याआधी ते अध्यक्षांच्या बंगल्यावर नेण्यात आले. अध्यक्ष इंग्रजी वाचत नसत, म्हणून प्रत्येकाचे सार मराठीत सांगायला मला नेले होते. सहा प्रस्ताव त्यांनी मान हलवत ऐकले. सातव्याला थांबवले.

"पाण्याची टंचाई? कुठं हाय टंचाई?"

मी म्हटले, "साहेब, प्रयोगशाळेत नळाला पाणी नाही. म्हणूनच त्यांनी हे केलं."

"ते तुम्हाला मला म्हाईत. नांदेडवाल्याला कशाला सांगायचं? आपुन मुंबईला जाऊन सांगून राहिलो की पाणी लई हाय, जिल्हा द्या. अन् आपलंच कालेज लिहून देणार, पाणी न्हाई म्हणून? दुसऱ्या दिवशी त्याच कागदाचे झेरॉक्स काढतील ते लोक." ते लोक म्हणजे रांगेतली दुसरी दोन गावे.

प्राचार्यांनी लगेच मार्ग काढला. "टंचाई काढून पर्यावरण घालू साहेब."

"घाला."

पर्यावरण हा शब्द फेट्यासारखा आहे, कोणाच्याही डोक्यावर बसतो. प्रस्तावातले दुष्काळ, टंचाई, टँकर हे तीन शब्द काढून त्या जागी तो घालण्याचे काम मला मिळाले. मी प्राचार्यांना सांगितले की असे केले तर रांजण का आणले हे वाचणाऱ्याला कळणार नाही. ते म्हणाले, कळण्यासाठी पाच मिनिटे कुठे असतात.

महिनाभराने नांदेडचे उत्तर आले. परीक्षकांना प्रस्ताव नावे झाकून दिले होते. नावे उघडल्यावर आमच्या महाविद्यालयाच्या सातही प्रस्तावांवर एकच पहिले नाव निघाले. नियमाप्रमाणे त्यातला सर्वाधिक गुणांचा एक ठेवून बाकीचे रद्द करण्यात आले होते. ठेवलेला प्रस्ताव रांजणाचा होता. सादरकर्ते: प्राचार्य.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी जे चालले त्याला दुःख म्हणता येणार नाही. पाच जणांनी रजा आणि नव्या सफारीची तयारी केली होती. विश्लेषणाच्या सरांचा आनंददायी प्रस्ताव गेल्याचा राग प्राचार्यांवर निघायला हवा होता. तो मॅडमवर निघाला. "तुमच्या मडक्यापायी आमचं बुडालं," असे ते म्हणाले. प्राचार्यांनी नांदेडला दूरध्वनी केला, शालीची आठवण दिली. पलीकडच्या माणसाला शाल आठवत होती, पण नियमही आठवत होता. मग प्राचार्यांनी बातमीचा मजकूर मला सांगितला: 'राज्यस्तरीय परिषदेसाठी प्राचार्यांच्या संशोधनाची निवड.' मी तो तसाच पाठवला. तीन वर्तमानपत्रांनी छापला.

मॅडमनी प्राचार्यांना रांजणाची सगळी पद्धत समजावून सांगण्याची तयारी दाखवली. नाव गेले तरी काम तरी धड मांडले जावे, असे त्यांना वाटत होते. प्राचार्य म्हणाले, "त्यात काय समजवायचं? मडकं आहे."

परिषदेला आम्ही महाविद्यालयाच्या जीपने गेलो. प्राचार्य, मॅडम आणि मी. अध्यक्ष त्यांच्या गाडीने पुढे गेले होते. परिषदेशी त्यांचा संबंध नव्हता, पण उद्घाटनाला व्यासपीठावर एक खुर्ची त्यांनी मिळवली होती, आणि 'नियोजित जिल्हा: मुबलक पाणी, मुबलक जागा' अशी चौपानी पुस्तिका ते प्रतिनिधींना वाटत होते. उद्घाटनातल्या सत्कारांनी पहिल्या सत्राची वेळ खाल्ली. व्यासपीठावर असलेल्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि रोप देण्यात आले. रोपे देणाऱ्यांच्या गावी आणि घेणाऱ्यांच्या गावी तेव्हा प्यायला पाणी नव्हते. ती रोपे संध्याकाळी सभागृहाच्या मागे एका ओळीत ठेवलेली मी पाहिली.

छोट्या सादरीकरणांचे सत्र दुपारी होते. सत्राच्या अध्यक्ष नांदेडच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांच्यासमोर टेबलावर शाळेतली पितळी घंटा होती. पाचवे मिनिट संपले की त्या ती वाजवत, बोलणारा कोणीही असो.

आमच्या प्राचार्यांनी व्यासपीठाला वंदन केले. मग व्यासपीठावरच्या आणि पहिल्या रांगेतल्या एकेकाचा उल्लेख केला. पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष होते, त्यांना दोन वाक्ये मिळाली. मग नांदेडच्या पावन भूमीला. मग पडद्यावर रांजणाचे चित्र आले, आणि ते म्हणाले की पर्यावरणाचा ऱ्हास ही आज जागतिक समस्या आहे. घंटा वाजली.

सभागृहात कोणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, इतरांनी त्याला थांबवले. सत्राध्यक्ष म्हणाल्या, "सर, प्रस्ताव मी वाचला आहे. चांगला आहे. मला फक्त एक सांगा. तेच पाणी फिरवलं तर ते तापत जाणार. मग नळी निवते कशी?"

प्राचार्यांनी पडद्याकडे पाहिले. "त्याची सर्व व्यवस्था महाविद्यालयाने केलेली आहे."

"कोणती?"

"वातानुकूलित."

सभागृहात खसखस पिकली. मागून लातूरचा एक शिक्षक उठला. "सर, मी लातूरचा हाय. आमच्याकडं पाणी रेल्वेनं येऊन राहिलं. तुमच्याकडं रांजण कशासाठी आणले, तेवढं सांगा. पाण्याची तकलीफ हाय का?"

हा प्रश्न अवघड नव्हता. पण पहिल्या रांगेत अध्यक्ष होते, त्यांच्या मांडीवर पुस्तिकांचा गठ्ठा होता. प्राचार्य म्हणाले, "आमच्या गावी पाण्याची कसलीही अडचण नाही. मुबलक पाणी आहे."

"मग नळ सोडून रांजण?"

"पर्यावरण," प्राचार्य म्हणाले.

या वेळी सगळे सभागृह हसले. त्यात मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यातली माणसे होती, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्यापैकी बहुतेकांनी सकाळची आंघोळ मोजून तांब्याने केली होती. सत्राध्यक्षांनी हातातला कागद पाहिला. "दुसरं नाव कुणाचं आहे? आलेत का ते?"

मॅडम उठल्या.

"तुम्ही सांगा. दोन मिनिटं देते."

त्या व्यासपीठावर गेल्या नाहीत, होत्या तिथूनच बोलल्या. "पाणी तापतं मॅडम. म्हणून दोन रांजण हायेत, ओल्या गोणपाटाचे. एक वापरात, एक निवायला. तिसऱ्या तासाला तेही पुरत नाही, तेव्हा आम्ही थांबतो. ते प्रस्तावात लिहिलं आहे." मग लातूरच्या शिक्षकाकडे वळून म्हणाल्या, "आणि सर, संक्रांतीपासून आमच्या प्रयोगशाळेत नळाला पाणी न्हाई. म्हणून रांजण."

त्या खाली बसल्या तरी टाळ्या चालू होत्या. आमचे अध्यक्ष त्याआधीच उठून बाहेर गेले होते.

त्यांनी प्राचार्यांना आणि मला सभागृहाच्या मागच्या बाजूला बोलावले, रोपे ठेवली होती तिथे. मॅडमना बोलावले नव्हते.

"लई चांगलं झालं," ते प्राचार्यांना म्हणाले. "साऱ्या मराठवाड्याम्होरं धुणं धुतलं. पाणी नसताना धुतलं, हे इशेष."

"साहेब, मी तर मुबलक म्हणालो—"

"अन् तुमच्या नावानं तिनं न्हाई म्हणलं! पहिलं नाव तुमचं हाय ना त्याच्यावर? मंग ते कालेजचं झालं. म्हंजे माझं झालं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरात होत्या ना? खुलासा लिहा. आत्ताच्या आत्ता. समारोपात वाचायचा. त्या बाईचं ती बाई बघंल. आपला काय बी संबंध न्हाई."

खुलासे मी डेस्कवर पुष्कळ पाहिले होते. खुलासा देणारा जे नाकारायला येतो त्यापेक्षा जास्त देऊन जातो, फक्त त्याला घाई असावी लागते. मी प्राचार्यांना विचारले, संबंध नाही म्हणजे कशाशी नाही? नळाच्या विधानाशी, की सगळ्या कामाशी? कल्पनेशीही?

"कशाशीच नाही," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट लिहा. संदिग्ध नको."

मी स्पष्ट लिहिले. ते त्यांनी दोनदा वाचले, 'कोणताही' या शब्दाआधी 'प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष' घातले आणि अध्यक्षांना वाचून दाखवले. अध्यक्ष म्हणाले, "हां. आता कसं."

समारोपात दोन सत्कारांच्या मध्ये प्राचार्यांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला आणि वाचले, "आज दुपारच्या सत्रात रांजण-पद्धतीविषयी जे सादरीकरण झाले त्याची कल्पना, मांडणी, उपकरण आणि निष्कर्ष हे सर्वस्वी आमच्या सहकारी अध्यापिकेचे वैयक्तिक काम आहे. त्यात प्राचार्यांचा वा महाविद्यालयाचा प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष कोणताही सहभाग नव्हता व नाही."

व्यासपीठावर दुपारच्या सत्राध्यक्ष होत्या. त्यांनी समोरचा ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "सर, मग पहिलं नाव तुमचं कसं?"

प्राचार्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. अध्यक्षांनी हाताने झटकून टाकल्याची खूण केली.

"ते चुकून पडलं," प्राचार्य म्हणाले. "काढून टाकावं."

"नावांचा क्रम आम्ही बदलत नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्याचा सहभागच नाही त्याचं नाव राहू शकत नाही. आपण स्वतः सांगता आहात म्हणून काढते, विभागप्रमुखांचं आणि प्रेरणेचंही. उत्तरंही त्यांनीच दिली आहेत." त्यांनी शेजारच्या आयोजकांना काही सांगितले. आयोजकांनी मान हलवली.

प्राचार्य खाली येऊन माझ्या शेजारी बसले. घाम पुसत म्हणाले, "जोरदार झाला ना?"

"झाला सर."

प्रमाणपत्रे बाहेरच्या टेबलावर वाटली जात होती. मॅडमचे नव्याने छापले, शाई वाळायला पंख्याखाली धरले. त्यावर एकच नाव होते. त्यांनी ते फाइलीत ठेवले. त्या हसल्या नाहीत, पदर मात्र दोनदा सारखा केला.

जीप निघायला लागली तेव्हा प्राचार्य त्यांना म्हणाले, "चला मॅडम. झालं ते झालं. जागा आहे."

"न्हाई सर, मी आज इथंच राहते. उद्या मुलाखत हाय."

"कसली मुलाखत?"

त्यांनी सांगितले. प्राचार्यांनी महाविद्यालयाचे नाव ऐकले आणि म्हणाले, "तिथं माझ्या ओळखीचे आहेत. माझं नाव सांगा."

"कसं सांगू सर? तुम्हीच आत्ता काढून घेतलं."

परतीच्या वाटेवर लोहा मागे पडले. तेव्हा प्राचार्यांनी विचारले, खुलासा उद्या छापून येईल ना? साहेबांची तशी इच्छा आहे. नांदेडच्या सगळ्या पेपरांत, आणि मजकुरात काटछाट नको. मी जीपमधूनच जुन्या सहकाऱ्यांना दूरध्वनी केले आणि खुलासा शब्दशः सांगितला. अध्यापिकेचे पूर्ण नाव घालायचे का, असे पलीकडून विचारले गेले. मी प्राचार्यांना विचारले.

"घाला," ते म्हणाले. "ठळक घाला. लोकांना कळू दे, कुणाचं आहे ते."

खुलासा सगळीकडे छापून आला. मुलाखत घेणाऱ्यांनी सकाळी चहाबरोबर वाचला होता, असे मॅडमनी मला नंतर सांगितले. त्यांनी दुसरे फारसे काही विचारले नाही. रांजण किती मोठा, गोणपाट किती वेळाने ओले करता, पंप कोणता, एवढेच विचारले. जूनमध्ये त्या तिथे रुजू झाल्या.